मिठाचे तळे आणि पांढरा लेप

एका राज्यात, जिथे गादी आईकडून लेकीकडे जात असे, वसुधारा नावाची राणी राज्य करीत होती. राज्यात एक मिठाचे तळे होते, एक दाट वन होते आणि एक बारमाही नदी होती. या तिन्हींच्या जिवावर प्रजा खाऊनपिऊन सुखी होती. राणी न्यायी होती, हुशार होती. वय तिशीच्या पुढे गेले होते. आणि तिच्या हनुवटीवर मुरूम येत असत.

येत असत म्हणजे कसे? चंद्र कलेकलेने वाढू लागला, की जबड्याच्या कडेने आत खोल ठणकू लागे. मग तिथे लाल, टणक गाठी उभ्या राहत. त्या बसल्या की काळे डाग मागे राहत, आणि डाग पुसट होतात न होतात तोच नव्या गाठी येत. राणी सोळा वर्षांची होती तेव्हा राजमाता म्हणाली होती, "वयात आल्याच्या खुणा आहेत. लग्न झाले की जातील." लग्न झाले, गेल्या नाहीत. "लेकरू झाले की जातील." लेक झाली, दुडूदुडू धावू लागली, तरी गेल्या नाहीत. पुढे राजमाता काहीच म्हणेनाशी झाली, आणि ते न म्हणणेच राणीला जास्त लागले.

चंदन लावून झाले, हळद लावून झाली, मसुरीचे पीठ झाले, दुधात उगाळलेले जायफळ झाले. कुणी म्हणे पोट साफ ठेवा, कुणी म्हणे तूप सोडा, कुणी हळूच विचारी, मनात काही सलते आहे का. राणीने आरशांवर वस्त्रे टाकली. पती अरिंजय दालनात येण्याआधी ती दिवा मालवू लागली. सिंहासनापुढे तिने जाळीचा पडदा बांधला आणि सांगितले, की डोळ्यांना उजेड सोसत नाही.

एके दिवशी दरबारात कर्पूरक नावाचा मांत्रिक आला. त्याचा चेहरा सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत होता. खांद्याला रिकामी झोळी होती. दरबार उठल्यावर तो मागे राहिला आणि पडद्याजवळ येऊन म्हणाला, "महाराणी, पडदा कशासाठी आहे ते मी जाणतो. माझ्यापाशी पांढरा लेप आहे. सूर्य मावळायच्या आत मुरूम जातील."

"मोल काय?"

"मिठाचे तळे."

"तळे कसे नेशील?"

"ते माझे मी पाहीन. आपण हो म्हणा. मात्र सौदा कुणाला सांगू नका. चारचौघांत सांगितलात तर मोडेल."

राणी हो म्हणाली. संध्याकाळपर्यंत तिचा चेहरा लोण्यासारखा झाला. कर्पूरक तळ्यावर गेला, एका काठाने त्याने तळे उचलले, धोतराची घडी घालावी तशी त्याची घडी घातली आणि झोळीत टाकली.

दुसऱ्या दिवसापासून राज्यात मीठ उरले नाही. भाकरी अळणी झाली, लोणची नासली, गुरे भिंती चाटू लागली. राणीने पडदा काढवला आणि ती उजळ चेहऱ्याने दरबारात बसली, पण त्या चेहऱ्याकडे कुणी पाहिले नाही. जो तो मिठाचे विचारी. प्रधान म्हणाला, "महाराणी, तळे चोरीला गेले. राखणदार येसबा याला धरले आहे. त्याच्याखेरीज तिथे कुणी नव्हते."

राणीला तोंड उघडता आले असते. तिने उघडले नाही. येसबा तुरुंगात गेला. त्याची म्हातारी आई भिवरा रोज राजवाड्याच्या पायरीशी येऊन बसू लागली.

महिना सरला तसा लेप उतरला. उतरला तो नुसता उतरला नाही. त्वचा कागदासारखी पातळ झाली होती, तिची आग होत होती, आणि जिथे चार गाठी येत तिथे आता चाळीस आल्या. पडदा पुन्हा बांधला गेला. कर्पूरक बोलावल्यासारखा दारात उभा राहिला. या वेळी त्याने वन मागितले. राणीने दिले. त्याने ते चटईसारखे गुंडाळले. हा दुसरा लेप पंधरवड्यातच उतरला, आणि तिसऱ्या खेपेला कर्पूरक म्हणाला, "आता नदी."

"मला अवसेपर्यंत वेळ दे," ती म्हणाली.

"दिला. अवसेला दरबारात येतो. तोवर आरसा पाहू नका," कर्पूरक म्हणाला आणि गेला.

राणीने अरिंजयाला सांगितले, "कुलदेवीचे व्रत आहे, एकटीनेच जायचे असते." तो म्हणाला, "जा." त्याने आणखी काही विचारले नाही. तोंडावर पदर ओढून ती पहाटे निघाली. कुठे जायचे ते तिला ठाऊक नव्हते. वाड्यात राहवत नव्हते, एवढेच खरे.

वन होते तिथे आता उघडा माळ होता. मधोमध एकच बेहड्याचे झाड उभे होते. खोडात हात पुरेल एवढ्या उंचीवर एक ढोली होती, ती चिखलाने लिंपलेली होती, आणि लिंपणाच्या फटीतून एक मोठी वाकडी चोच बाहेर आली होती. ती धनेश पक्ष्याची मादी होती; अंडी उबवायला या माद्या स्वतःला ढोलीत लिंपून घेतात आणि नर बाहेरून चारा आणतो.

"कोण उभे आहे?" पक्षिणीने विचारले.

"वाटसरू आहे. हे एकटेच झाड कसे राहिले?"

"मी अंड्यावर बसले आहे. आई अंड्यावर असते ते झाड कोणत्याही मंत्राने गुंडाळता येत नाही. बाकीचे गेले. गुंडाळणारा गुणगुणत होता, राणीने दिले, राणीने दिले."

राणीने पदर आणखी पुढे ओढला.

"तू तोंड का झाकले आहेस?"

"ते पाहण्यासारखे नाही."

"माझी सगळी पिसे गळली आहेत," पक्षीण म्हणाली. "मी भिंतीआड बसले ती पिल्लासाठी. तू कुणासाठी?"

राणी म्हणाली, "या रोगावर उपाय ठाऊक असेल तर सांग."

"आधी मला उंबरे आणून दे. पूर्वी फळ शेजारच्या फांदीला असे. आता माझा नर तीन गावे ओलांडून जातो आणि थकून रिकामा येतो."

राणी चालत गेली. तिसऱ्या गावच्या विहिरीवर उंबराचे झाड होते. फळे पुष्कळ होती, पण न्यायची कशात? जवळ पदराखेरीज काही नव्हते. बराच वेळ ती झाडाखाली उभी राहिली. मग तिने पदर सोडला आणि त्यात फळे भरू लागली. विहिरीवरच्या बायांनी पाणी शेंदता शेंदता वळून पाहिले. राणीचे कान तापले. त्यांतली एक जवळ आली. तिने राणीला ओळखले नाही.

"भाजलं का गं तुला? लई आग होत असंल," असे म्हणून तिने शिदोरीतली अर्धी भाकरी पुढे केली. "खा. मीठ नाही बरं त्यात. कुण्या मेल्यानं तळं चोरलं. राखणदार धरलाय म्हणे. त्याची म्हातारी रडून रडून आंधळी व्हायची पाळी."

राणीने घास तोंडात घातला. ती अळणी भाकरी तिने सगळी खाल्ली आणि फळे घेऊन ती परतली.

पक्षिणीने चोचीने एक एक उंबर आत घेतले आणि म्हणाली, "नदीच्या उगमापाशी मंदारिका यक्षिणी राहते. तिची औषधींची बाग आहे. नदी वाहते तोवर ती बाग आहे."

राणी उगमापाशी गेली. मंदारिका वाफ्यात पाणी सोडीत होती. तिचे केस पिकलेले होते, सावली मात्र तरुण होती. राणीने आपले नाव सांगितले, रोग सांगितला आणि विचारले, "हा शाप मला कुणी दिला?"

"कुणी नाही. हा शापच नव्हे. या कुंडात पाहा. दिवस मावळेपर्यंत चेहरा वळवायचा नाही, आणि गाठींना बोट लावायचे नाही."

हे दुसरे काम पहिल्याहून अवघड निघाले. कितीतरी वर्षांत राणीने स्वतःला असे पाहिलेच नव्हते. तिला रडू आले, बोटे हनुवटीकडे गेली, तिने ती मांडीखाली दाबून धरली. उन्हे कलली तेव्हा कुंडातले पाणी तिच्या त्वचेखालचे दाखवू लागले. तिथे तेलाच्या बारीक बारीक विहिरी होत्या. दर चंद्राला रक्तातून जासूद येत, त्या विहिरींची दारे ठोठावीत आणि हुकूम सांगत, तेल सोडा. विहिरी भरून वाहत, तोंडे बुजत, आत आग पेटे. लेप वरवर फिरे. जासुदांना तो दिसतही नसे.

"हे प्रत्येकीच्या अंगात असतात?" राणीने विचारले.

"असतात. तुझ्या विहिरी त्यांचे जास्त ऐकतात, एवढेच. तुझ्या आहाराचा दोष नाही, मनाचा नाही, हातून काही घडले त्याचाही नाही."

राणीने मान खाली घातली. मुरूम पापामुळे आले नव्हते. पाप मुरुमांमुळे झाले होते.

मंदारिकेने तिला एक मूळ दिले आणि एक कुपी दिली. "मूळ रोज सकाळी घे. ते जासुदांना मारत नाही, विहिरींच्या दाराशी बसून राहते, म्हणजे हुकूम आत जात नाही. तहान लागेल, पाणी पी. हे घेताना गर्भ राहू देऊ नकोस, आतल्या बाळाला ते बाधेल. कुपीतले तेल निजताना, मसुरीच्या दाण्याएवढे. आधी गाठी वाढतील. घाबरून सोडू नकोस."

"किती दिवस?"

"तीन पौर्णिमांनी फरक दिसेल."

"आणि मग कायमचे जातील?"

"बरेचसे जातील. थोडे येत राहतील."

राणीचा चेहरा उतरला. "कर्पूरक तर एका दिवसात..."

"त्याच्या एका दिवसाने काय झाले, ते माळावरून चालत आलीस तेव्हा दिसले असेल."

राणीने मूळ आणि कुपी पदरात बांधली आणि विचारले, "तळे आणि वन परत कसे मिळेल?"

"तिसरे काम ते. पण ते मी सांगायला नको. सौदा करताना त्याने कसली मनाई केली होती?"

राणीला ती आठवली.

ती वाड्यात परतली तेव्हा अरिंजय दाराशी उभा होता. तिने पदर घेतला नव्हता. तो तिच्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "दुखते का?"

"आग होते."

"तू दिवा मालवत होतीस म्हणून मी कधी विचारले नाही. मला वाटले, ते तुला बरे वाटेल."

"व्रत नव्हते," ती म्हणाली. "उद्या दरबारात काय ते ऐकशील. ऐकल्यावर माझ्याशेजारी बसायचे की नाही, ते तू ठरव."

अवसेला दरबार भरला. कर्पूरक झोळी घेऊन पुढे आला, त्याच्या तळहातावर लेपाची वाटी होती. "महाराणी, आधी लावा, मग बोला," तो म्हणाला.

राणीने आपल्या हाताने जाळीचा पडदा काढला. सभेत कुजबूज झाली आणि थांबली. सकाळचे ऊन तिरपे येऊन तिच्या जबड्यावर पडले होते. ती म्हणाली, "तळे चोरीला गेले नाही. मी दिले. वनही मी दिले. आज नदी देणार होते. कशासाठी, ते माझ्या तोंडावर पाहा. हे मुरूम झाकावेत म्हणून दिले. राखणदार येसबा निर्दोष आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते."

शिव्या आल्या असत्या तर तिला सोपे गेले असते. मग पायरीवरून भिवरा म्हातारी उठली, काठी टेकत आत आली आणि अगदी जवळ येऊन तिने राणीचा चेहरा निरखला.

"एवढ्यासाठी?" म्हातारी म्हणाली. "अगं बाई, माझ्या धाकट्या बहिणीला असेच येत. आम्ही कुणी कधी ध्यानातसुद्धा घेतलं नाही." मग तिने काठी जमिनीवर आपटली. "तुझं तोंड दिसलं मला. माझा लेक कधी सुटंल ते सांग."

राणीची लाज तोवर चेहऱ्यावर होती. ती आता खाली, छातीत उतरली. "आत्ता," ती म्हणाली. तिने बोटातली राजमुद्रा काढून अरिंजयाच्या हाती दिली, आणि तो स्वतः तुरुंगाकडे धावला.

मग ती कर्पूरकाकडे वळली. "सौदा चारचौघांत सांगितला. तो मोडला. तळे टाक, वन टाक."

झोळी आपोआप उसवली. वन उलगडत दारातून बाहेर गेले. त्यामागे तळे निघाले, घड्या मोडत, खारे पाणी शिंपडत, आणि आपल्या जागी जाऊन पसरले. कर्पूरकाचा गुळगुळीत चेहरा उतरू लागला. तोही लेपच होता. खाली लाल, सोललेली कातडी होती. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि तो बाहेर पळाला. राणीने मागून हाक दिली, "नदीच्या उगमापाशी जा. तिथे औषध आहे." तो थांबला नाही.

येसबा आला तेव्हा त्याला उन्हात डोळे उघडवेनात. राणी आसनावरून उतरली आणि त्याच्या पायाशी वाकली. त्याने पाय मागे घेतले. "राहू द्या," एवढेच तो म्हणाला, आणि आईचा हात धरून निघून गेला.

राणीने मूळ घेतले, तेल लावले. पहिल्या पौर्णिमेला गाठी वाढल्या, आणि तशाच तोंडाने ती रोज दरबारात बसली. दुसऱ्या पौर्णिमेला आग थांबली. तिसऱ्या पौर्णिमेनंतर महिन्याला एखाददुसरी गाठ येई, डाग विरत गेले. धनेश पक्षीण लिंपण फोडून बाहेर आली, तिला नवी पिसे होती आणि मागे पिल्लू होते. राज्यात पुन्हा लोणची मुरू लागली.

येसबाला राणीने तळ्याचा मुख्य राखणदार केले. तो काम चोख करी. राणी तळ्यावर गेली की मुजरा करी, पण तिच्याशी बोलत नसे. तरी ती दर महिन्याला जाई, काठावर उभी राही आणि परत येई. चेहऱ्याची लाज गेली होती, ही दुसरी लाज राहिली. पुढे मंदारिकेकडे औषध आणायला ती पुष्कळदा गेली, पण या लाजेवर एखादे मूळ आहे का, असे तिने कधी विचारले नाही.

त्या राज्याचे मीठ जसे त्याच्या तळ्यात परतले, तसे ज्याचे त्याचे ज्याला त्याला परत मिळो.