धाकट्याचा नमस्कार

काचेच्या कपाटातल्या वस्तूंना वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. एका दुकानात हातात धरून खेळायचे दोन व्हिडिओगेम शेजारी राहत: मोठ्या पडद्याचा थोरला आणि इवलासा धाकटा. एके सकाळी थोरला म्हणाला, “अरे चिमुरड्या, तुझा पडदा आहे की टिकली? आज खपला नाहीस, तर उद्या मालक तुला माळ्यावर टाकणार!” धाकट्याने मान खाली घातली.

इतक्यात शाल्मली नावाची मुलगी वडिलांसोबत आली. पुढच्या आठवड्यात होणाऱ्या पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर तिला महिनाभर उताणे पडून राहावे लागणार होते; म्हणून तसे पडून खेळता येते का ते पाहायला ती सरळ दुकानातल्या बाकावरच आडवी झाली. तिने थोरल्याला चेहऱ्यासमोर उंच धरले. थोड्याच वेळात हात भरून आले आणि तो धप्पकन नाकावर आदळला.

“आई गं! बाबा, मला तो छोटाच हवा.”

तिच्या हातात विसावताच धाकट्याने, आपल्याला इतके लहान घडवणाऱ्या कारागिराला मनोमन नमस्कार केला.