सावलीतला कागद

"पोरगी गुणाची आहे हो. पण माहेराहून गाठोड्यात आणलं काय, तर अंबाडीचं बी! आणि तोंडात मूग," सासूबाई चुलीपाशी सासऱ्यांना सांगत होत्या. दाराआड तांदूळ पाखडणाऱ्या नव्या सुनेनं ते ऐकलं आणि हसू सुपाआड लपवलं.

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात कागद करणारं हे घर होतं. दरवर्षी परसातलं एक झाड पाडायचं, लाकूड उकळायचं, कुटायचं, लगद्याचे ताव काढायचे आणि सावलीत दोरीवर वाळवायचे. झाडं सासऱ्यांच्या आजोबांनी लावलेली. सासरे मिशीला पीळ देत म्हणायचे, "आपला माल फुकटचा!"

सून मुकाट्यानं ताव वाळत घालायची. तिनं पाहिलं, खुंट पंधरा आणि झाड एक, शिरीषाचं. सावलीबाहेरचा ताव उन्हानं पापडासारखा वाकडा व्हायचा.

पावसाळ्यात तिनं शेताच्या बांधावर अंबाडी पेरली. सासूबाई कुरकुरल्या, पण अंबाडीची भाजी दोनदा मागून खाल्ली. कार्तिकात सुनेनं ताटं कापून डोहात कुजत घातली. असा वास सुटला, की सासरे उपरणं नाकाला लावून म्हणाले, "सूनबाई, गाव सोडायला लावतेस की काय!"

तिनं कुजलेल्या ताटांची साल सोलली. तिच्यातला वाख, म्हणजे धागा, सोडवला, थोड्याची दोरी वळली, बाकीचा ढीग कोठीत ठेवला.

माघात सरदारांचा निरोप आला. पाडव्याला पाचशे ताव हवेत, एकही वाकडा नको. नाहीतर पुढचं काम दुसऱ्या गावाला.

सासऱ्यांनी कुऱ्हाड उचलली आणि शिरीषापाशी गेले. सून पुढं झाली. झाडाला बांधलेलं दोरीचं टोक तिनं सोडलं आणि त्यांच्या हातात दिलं.

एका हातात कुऱ्हाड, एका हातात दोरी. सासऱ्यांनी परसभर नजर फिरवली. सगळीकडे गुडघ्याएवढे खुंट.

"मग बांधू कुठं?" ते पुटपुटले.

सुनेनं कोठीचं दार उघडलं.

अंबाडीचे ताव शिरीषाखाली वाळले, सरळ आणि चिवट. पाडव्याला सरदारांनी पुढच्या वर्षाचंही काम दिलं. जेवताना सासरे म्हणाले, "कागद झकास. पण अंबाडी दरवर्षी पेरा, कापा, कुजवा. झाडाला यातलं काही नाही."

तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. "मामंजी, अंबाडी कष्ट मागते, पण पाच महिन्यांत हातात येते. हे झाड लावलं तेव्हा तुम्ही रांगत असाल. आज दुसरं लावलं, तर त्याच्या सावलीत ताव वाळवायला तुमच्या नातवंडांनाच यावं लागेल."

"नातवंडं?" सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला. "अगं बाई, मुगांना मोड आले म्हणायचे!"

तात्पर्य: फुकटचं म्हणून तोडण्याआधी, आपण कुणाच्या सावलीत उभे आहोत ते बघावं.