प्रमुख पाहुण्यांची वाट

फार मागे एका वर्षी होळी झाली तरी डोंगरावरची थंडी हटेना. पळस, पांगारा, सावर कळ्या मिटून उभे होते. "प्रमुख पाहुणे आल्याशिवाय कोणी फुलायचं नाही," पळसाने बजावलं. हे पाहुणे म्हणजे वसंत. ते खिंडीपलीकडे थांबले होते. गर्दी जमल्याशिवाय यायची त्यांची रीत नव्हती.

पायथ्याच्या करवंदीला मात्र मधमाश्यांची उपासमार बघवेना. ती कुडकुडत फुलली.

"पाहुण्यांआधीच पंगत बसवली," सावर कुरकुरली.

मधमाश्यांची गुणगुण ऐकून वसंतांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. ते धावतच आले. थंडी पळाली, सगळा डोंगर फुलला.

भाषणात पळसाने शिस्त पाळल्याबद्दल सर्वांचे आभार मानले. करवंदीला तेवढं सुनावलं, "पुढच्या वर्षी पाहुण्यांसाठी थांबायचं."