हत्तीला मुजरा

सोनदरीच्या महिपतराजांचा पॉडकास्ट कोणी ऐकेना. आता राजाला पॉडकास्ट हवाच कशाला, असं विचारू नका. शेजारच्या राजाने काढला, म्हणून यांनीही काढला. शिकारीचे, स्वाऱ्यांचे, आजोबांच्या फजितीचे किस्से महाराज फार रंगवून सांगत. पण ऐकणारी माणसं दोनच, एक राणीसाहेब आणि दुसरे स्वतः महाराज.

"दोष कव्हरचा आहे," महाराजांनी निकाल देऊन टाकला. कव्हर म्हणजे फोनवर पॉडकास्टच्या नावाशेजारी दिसतं ते इवलंसं चित्र. त्यासाठी त्यांनी दरबारच्या बाळोजी चिताऱ्याला बोलावणं धाडलं. "चित्रात मी हवा. मागे किल्ला हवा, हत्ती हवा, तोफ हवी, माझ्या सगळ्या पदव्या हव्यात. एकही गोष्ट वगळायची नाही. आणि फोनवर नखाएवढं दिसलं, तरी बघणाऱ्यानं लगेच म्हटलं पाहिजे, हे तर आमचे महाराज!"

"सरकार, नखाएवढ्या जागेत एवढं सगळं..."

"जमत नसेल तर सांग. यंदा दसऱ्याला लाडोबाचं कपाळ दुसरा कोणीतरी रंगवील."

लाडोबा हा महाराजांचा हत्ती. दसऱ्याच्या मिरवणुकीआधी त्याचं कपाळ रंगवायचा मान पिढ्यान् पिढ्या बाळोजीच्या घराण्याचा. पगार काय, दुसरीकडेही मिळेल. पण हा मान गेला तर गावात तोंड कुठे दाखवायचं?

घरी येऊन त्यानं कागद पुढे ओढला. किल्ला काढला तर महाराजांना जागा उरेना. महाराज काढले तर पदव्या त्यांच्या नाकावर चढल्या. शेवटी कुंचला भिरकावून तो डोक्याला हात लावून बसला.

त्याची मुलगी येसू ओसरीवर शेंगा सोलत हा सगळा खटाटोप बघत होती. लहानपणापासून बापाबरोबर तीही लाडोबाच्या कपाळावर रंग भरायची, आणि तिच्या जिभेला कोणाचा धाक नव्हता. "आबा, महाराज म्हणतात तसं सगळंच्या सगळं काढू या," ती म्हणाली. "फक्त कागदावर नको. लाडोबावर काढू."

"अगं, आहे तो मान घालवशील."

"तो तसाही चाललाच आहे की."

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज राणीसाहेबांबरोबर सज्ज्यात चहा पीत बसले होते. येसू मुजरा करून पुढे आली. "महाराज, कव्हर तयार आहे. तळ्यापलीकडे बघा. अंगठा डोळ्यांसमोर धरलात की कळेल, बरोबर नखाएवढंच दिसतंय."

महाराजांनी हात लांब करून अंगठा धरला. पलीकडच्या काठावर लाडोबा उभा होता आणि त्याचं कपाळ नेमकं नखाआड जात होतं. त्यांनी अंगठा बाजूला केला, डोळे बारीक केले आणि ताडकन उठले.

"माझ्या हत्तीच्या तोंडाला चिखल कोणी फासला?"

"चिखल नाही, महाराज. ते आपण आहात," येसू म्हणाली. "आपण, किल्ला, हत्ती, तोफ आणि सगळ्या पदव्या. एकही वगळलेली नाही."

राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला.

"तोंड फार चालतंय तुझं," महाराज गुरकावले. "मग मी ओळखू येईन असं काढून दाखव. नाही जमलं, तर मान गेलाच समज."

येसूनं हात हलवून खूण केली. पलीकडे माहुतानं लाडोबाला पाण्यात घालून कपाळ खसाखसा धुतलं, पुसून कोरडं केलं. बाळोजी शिडीवर चढला. त्यानं कपाळभर पिवळा रंग थापला आणि त्यावर ओढले काळेभोर दोन फराटे, एक वर गेलेला, एक खाली लोंबणारा.

आता हे फराटे कसले, ते सांगायला हवं. किस्सा रंगात आला की महाराज उजव्या मिशीला पीळ भरत. रोज पीळ भरून भरून तिचं टोक आभाळाकडे गेलेलं, आणि डावी बिचारी हनुवटीकडे लोंबत राहिलेली. सगळ्या सोनदरीला हे ठाऊक होतं, पण महाराजांना सांगायची कोणाची छाती नव्हती.

तेवढ्यात तळ्यावरचा पहारेकरी दचकला. त्यानं भाला सावरला आणि लाडोबाला वाकून मुजरा केला. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी घाईघाईनं डोक्यावर पदर घेतले. वाटेनं चाललेला भाजीवाला टोपली उतरवून हात जोडून उभा राहिला.

"यांना वेड लागलंय का? हत्तीला कसला मुजरा करतात?"

"हत्तीला नाही, महाराज. आपल्याला."

महाराजांनी पुन्हा डोळे बारीक केले. त्यांचा हात आपोआप मिशीकडे गेला. आधी उजवं टोक चाचपलं, मग डावं.

"हं. ओळखलं खरं," ते सावकाश म्हणाले. "पण माझा किल्ला कुठाय? तोफ? पदव्या? काही वगळायचं नाही, असं मी बजावलं होतं."

"वगळलं कुठे, महाराज? आत ठेवलंय," येसू म्हणाली. "किल्ला, तोफ, शिकारी, सगळं आपल्या किस्स्यांमध्ये आहे. ते दारातच मांडून ठेवलं, तर आत येऊन माणसानं ऐकायचं काय?"

आधी राणीसाहेबांना हसू फुटलं. मग महाराज असे काही हसले की चहाचा पेला लवंडला. "माग पोरी, काय हवं ते माग!"

"दसऱ्याचा मान आबांकडेच राहू द्या. आणि त्यांच्यामागे तो मला द्या."

"दिला!" महाराज म्हणाले. राणीसाहेबांनी हातातली सोन्याची पाटली काढून येसूच्या हातात घातली.

येसू वळली, तोच महाराजांनी कारभाऱ्यांना हाक मारली. "आणि हो, त्या न्हाव्याला निरोप द्या. डावी मिशी नीट करायला हात लावलास तर खबरदार म्हणावं. लोक मला ओळखायचे नाहीत."