तळहातावरचा आमटीचा थेंब

खमंगपूर नावाचं एक गाव होतं. नकाशात शोधायला जाल तर सापडायचं नाही, नाकाने शोधलंत तर नक्की सापडेल. तिथली खाऊगल्ली म्हणजे काय सांगू! इकडे कढईत कुरकुरीत भजी तळतायत, तिकडे सोनेरी जिलब्या पाकात डुंबतायत, पलीकडे लालचुटूक मिसळीचा ठसका… जाऊ दे, माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. गोष्ट राहायची बाजूला!

तर या गल्लीच्या टोकाला एका चिमुकल्या घरात मंजुळी आणि तिची आई राहायची. आई लोकांकडे स्वयंपाक करायची आणि तिच्या हाताला अशी चव, की माणसं बोटं चाटत उठायची. पण एकदा तिला मोठा ताप आला. ताप गेला, तो जाताना तिच्या तोंडाची चव घेऊन गेला. काहीही भरवलं तरी ती म्हणायची, “मातीसारखं लागतं गं,” आणि ताट बाजूला सारायची. ती दिवसेंदिवस वाळत चालली. वैद्यबुवांनी सांगितलं, “माझं औषध झालं. आता पोटात अन्न गेलं तरच ही उठेल.”

“पण चव गेली म्हणजे गेली कुठे?” मंजुळीने विचारलं. भारी चौकस पोर! “ती आपली आपण परत येते का? आणि वाट चुकली तर?”

“अगं बाई, आधी मला तर जाऊ दे,” म्हणत वैद्यबुवा छत्री घेऊन निघाले.

त्या दिवशी शेजारच्या सुंदराकाकूंनी वाटीभर पेज पाठवली होती. ती आईने दोन घोटांतच नको म्हटली. आता शेजारची वाटी कधी रिकामी परत करायची नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मंजुळीच्या घरात तर फोडणीपुरतं तेल-मोहरी सोडलं तर डब्यांचा नुसता खडखडाट. निदान कढीपत्त्याची डहाळी तरी घालू, असं म्हणून ती धुतलेली वाटी घेऊन गल्लीमागच्या बागेत गेली.

बाग कशी हिरवीगार! पिवळी पिवळी फुलपाखरं, जांभळी जांभळी फुलं, पानापानावर उन्हाचे इवले इवले कवडसे. आणि कढीपत्त्याच्या झाडाखाली, कुणीतरी टाकलेल्या जिलबीच्या द्रोणात, काहीतरी चमचम करत होतं.

“ए मुली! बघत काय बसलीस? मुंग्या आल्या ना!”

मंजुळी वाकली. द्रोणात बोटाएवढी मिटुकली परी पाकात चिकटून बसली होती. मोरपंखी झगा, चांदीसारखे पंख, आणि हनुवटीला जिलबीचा तुकडा! मुंग्यांची रांग तिच्याकडे तुरुतुरु येत होती. मंजुळीने तिला अलगद उचललं, वाटीत पाणी घेऊन तिचे पंख धुतले आणि परकराच्या टोकाने हळूच टिपले.

“तू परी आहेस? मग चोरून जिलबी का खातेस?”

“चोरून कुठे? चाखून!” परी जरा लाजली. “मी चवपरी. जगातल्या सगळ्या खानावळी पालथ्या घातल्यात मी. तू मला वाचवलंस, आता माग काय हवं ते.”

“माझ्या आईच्या तोंडाची चव परत दे.”

परीचा चेहरा एवढासा झाला. “ते माझ्या हातात नाही गं, राणी. मी फक्त खायला देऊ शकते. ही वाटी तीनदा भरेल, म्हणशील त्या पदार्थाने. पण नियम आहेत हं! सूर्य बुडेपर्यंत तुझ्या जिभेवर कणसुद्धा पडता कामा नये. आणि सूर्य बुडायच्या आत वाटी माझ्याकडे आणायची, तीही रिकामी नाही! तुझ्या हातचं काहीतरी करून आणायचं. अळणी चालणार नाही, खारट चालणार नाही.”

“नाहीतर?”

“नाहीतर वाटीतून जे जे निघालं, ते खाल्लेल्याच्या पोटातूनसुद्धा नाहीसं होईल.”

मंजुळी कढीपत्त्याची डहाळी खुडून धावत घरी गेली. “वाटी गं वाटी, केशर घातलेली बासुंदी दे!” फुस्सकन वाफ आली आणि वाटी पिवळ्याधमक बासुंदीने भरली. काय तो वास! मंजुळीने ओठ घट्ट मिटून घेतले. आईने चमचाभर घेतली आणि मान फिरवली. “माती गं, बाळा.” मग मंजुळीने मागितला राजाच्या मुदपाकखान्यातला मसालेभात, काजू-बेदाण्यांचा, वर साजूक तुपाची धार. तोही तसाच. शेजारची पोरं मात्र दोन्ही वाट्या चाटूनपुसून गेली, त्यांची चंगळ झाली.

आता उरली एकच वाटी. काय बरं मागावं? विचार करत मंजुळी खाऊगल्लीतून चालली होती. एका खानावळीच्या मागे हिराआजी राखेने भांडी घासत बसल्या होत्या. दिवसभर लोकांची खरकटी ताटं धुवायची आणि वास घ्यायचा, एवढंच त्यांचं खाणं.

“हिराआजी, तुम्ही जेवलात?”

“कालपासून पोटात काही नाही, पोरी. उगाच कशाला खोटं बोलू?”

मंजुळीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शेवटची वाटी! आईची वाटी! ती घराकडे वळली. पण भुकेलं माणूस समोर बसलेलं, तिचा पाय काही पुढे निघेना.

“काय खावंसं वाटतं तुम्हाला?”

“गरम गरम पिठलं-भात,” आजी हसून म्हणाल्या, “पण या वेळी तो कोण देतंय मला!”

वाटीने दिला! आजींनी डोळे मिटून शेवटचं शीतसुद्धा खाल्लं. मग वाटी धुतली आणि कनवटीची पुरचुंडी तिच्यात सोडली. मूठभर तूरडाळ आणि दोन आमसुलं. “रिकामी वाटी कशी देऊ गं? एवढंच आहे, पण घे.”

मंजुळीने घरी येऊन चूल पेटवली. आजवर तिने आमटी कधी केली नव्हती. “आई, आधी काय घालू?” आई अंथरुणातूनच सांगत राहिली. “डाळ मऊ होऊ दे… तेल तापलं का? मोहरी तडतडू दे, मग हिंग… अगं, कढीपत्ता हात राखून!” घरभर खमंग वास सुटला. बाहेर ऊन लाललाल व्हायला लागलं.

आणि मंजुळी अडली. मीठ! बरोबर पडलं की नाही, कसं कळणार? तिला तर चाखायचं नव्हतं. अळणी झाली तर हिराआजींच्या पोटातला घास जाणार.

“आई, मीठ बघशील का गं? मला बघता येत नाही.”

“मला कुठली चव, वेडे?”

“खाऊ नकोस. नुसतं बघ. तू बघायचीस ना तसं!”

आईने सवयीने तळहात पुढे केला. मंजुळीने पळीतून आमटीचा एक थेंब त्यावर सोडला. आईने तो चाटला, कपाळाला आठी घातली आणि डोळे बारीक केले.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली.

मंजुळीने पळी पातेल्यात टाकली.

“आई! तुला कळलं?”

“कळलं गं! चिमूटभर घाल. आणि आंबटपणा… थांब, दुसरा थेंब दे बघू!”

मंजुळीने हसत, रडत मीठ घातलं, वाटी भरली आणि बागेकडे धूम ठोकली. सूर्य टेकडीला टेकला होता. परीने वाटीच्या काठावर बसून भुर्रकन भुरका मारला. “अहाहा! अशी आमटी कुठल्याच खानावळीत नाही!” तिचे पंख लखलखले. हिरव्या, निळ्या, गुलाबी ठिणग्या बागभर नाचल्या. “चव सापडली ना? वाटी पानाने झाकून ने हं, घरी जाऊन उघड!” आणि सोनेरी उजेडाची एक गिरकी घेऊन परी दिसेनाशी झाली.

घरी येऊन बघते तर आई उठून बसलेली! पातेलं लख्ख, तळाशी डाळीचा कणसुद्धा नाही. आईने जीभ चावली. “अगंबाई! थेंब थेंब म्हणत सगळी संपवली मी. तुला ठेवायचीच राहिली गं!”

दिवसभराची उपाशी मंजुळी, पण असा आनंद तिला कधी झाला नव्हता. तिने आईच्या गळ्यात हात टाकले. मग तिला वाटी आठवली. वरचं पान तिने बाजूला केलं.

परीलाही पद्धत ठाऊक होती. वाटी काठोकाठ भरलेली होती, वाफाळत्या आमटीने.

सूर्य केव्हाच बुडाला होता. मंजुळीने वाटी तोंडाला लावली. मीठ अगदी बरोबर होतं.