बाजरीतली तूर

माणदेशातल्या एका गावचे दाजीराव देशमुख शेतीचे मोठे जाणकार, आणि आपल्याला कुणी शेतीतलं विचारावं याची त्यांना भारी हौस. एके दिवशी त्यांनी गोजराबाई म्हातारीला, तिच्या पुतण्याने तक्रार केली म्हणून, चावडीवर बोलावलं. दुष्काळात वाटेवर सापडलेली चंद्री तिने पोटच्या लेकीसारखी वाढवली होती आणि आपलं शेत ती चंद्रीलाच देणार होती.

"पोर तुझ्या रक्ताची नाही," देशमुख म्हणाले. "परक्या बीला शेतात जागा नाही. शेत तुझ्या या पुतण्याला मिळेल."

"बरं," म्हातारी म्हणाली. "पण धनी, तुम्ही बाजरीत तूर पेरलीय. तीबी परकीच की. मग उपटून टाकायची का?"

देशमुख हसले. "अगं, तूर बाजरीच्या सावलीत गुमान वाढते. बाजरी काढली की मागं तीच रान सांभाळते, आणि पाला गाळून जमिनीला कस देते."

सगळ्या चावडीने माना डोलावल्या. गोजराबाईने शेजारी उभ्या चंद्रीच्या डोक्यावर हात ठेवला.

"ही माझी तूर, धनी. आन् बाजरी आता काढणीला आली."

 देशमुख पुतण्याकडे वळून हळूच म्हणाले, "तू घरी जा बाबा. हे रान तुरीचं."