साळूची शाळा

नदीकाठच्या एका जंगलात एक साळू आपल्या लेकीसह राहत असे. अंगभर काटे असलेला हा प्राणी तुम्ही चित्रात पाहिला असेलच. त्या जंगलात पोपटगुरुजींची मोठी शाळा होती. गुरुजी म्हणतील ते सर्वांनी एका सुरात म्हणायचे, की झाला अभ्यास! साळूच्या लेकीला काही ते जमेना. ती धडा सोडून जमीन उकरत बसे. शेवटी एकदा गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले, "या पोरीच्या मठ्ठ डोक्यात काही शिरायचं नाही. उद्यापासून येऊ नकोस." लेक त्या दिवशी जेवली नाही. साळूच्या जिवाला ते फार लागले.

दुसऱ्याच दिवशी साळूने जांभळाच्या झाडाखाली स्वतःची शाळा काढली. विद्यार्थिनी एकच. "उकर गं बाई, हवं तेवढं उकर," ती लेकीला म्हणाली. उकरता उकरता पोरीला कंद ओळखता येऊ लागले, पाऊस मातीत कुठवर मुरतो तेही कळले. ही बातमी जंगलभर झाली. गुरुजींनी घालवून दिलेली खारीची पोरे आली, मुंगसाची आली, मग बदकाचे एक पिल्लूही आले. कुणाच्या आईने बसायला पाला आणला, कुणाच्या बापाने कुंपण घातले. "शाळा असावी तर साळूची!" असे जो तो म्हणू लागला. कौतुक कुणाला आवडत नाही? साळूलाही आवडले, आणि इथेच घोडे पेंड खाते.

तिला वाटले, उकरल्यानेच माझी पोर शहाणी झाली, तेव्हा सगळ्यांनी उकरलेच पाहिजे. तसा नियमच झाला. खारीची पोरे झाडाकडे बघत बघत उकरू लागली. बदकाच्या पिल्लाचे मऊ पाय सोलून निघाले आणि ते सारखे डबक्याकडे पळू लागले. एके सकाळी साळूचा पारा चढला. "याच्या मठ्ठ डोक्यात काही शिरायचं नाही!" ती सगळ्यांसमोर ओरडली. "उद्यापासून येऊ नकोस."

पिल्लू मान खाली घालून डबक्याकडे निघाले. साळूची लेक उठली आणि त्याच्यामागून चालू लागली. "आई, मग मीही येत नाही," ती जाता जाता म्हणाली. "हे मी एकदा ऐकलंय."

साळूचे ताठ झालेले काटे खाली बसले. तिला स्वतःची भारी लाज वाटली. साळूला पाण्याची भीती वाटते, हे सगळ्या पोरांना ठाऊक होते; तरी ती डबक्याच्या काठाशी गेली. "चुकलं माझं, बाळा," ती पिल्लाला म्हणाली. "आता तू मला पोहायला शिकव."

पिल्लू खुदकन हसले. "आधी पाण्यात तर या, बाई!"

साळूने डोळे मिटून एक पाय पाण्यात घातला. त्या दिवसापासून तिची शाळा जांभळाच्या शेंड्यापासून डबक्यापर्यंत भरू लागली.

तात्पर्य : आपल्या लेकराला जे तारते, तेच सर्वांवर लादले की त्याचाही जाच होतो. शिकवणाऱ्याने आधी शिकायला बसावे.